आबांचा मान आणि माझी ‘बोंब’

आमच्या वाडीतल्या चाळीस घरांपैकी पंचवीस-तीस घरांनी एकाच संध्याकाळी देवाला हात जोडून ‘आम्हाला कोणी मालक नाही’ असं जाहीर केलं, त्याला जबाबदार मी आहे. माझा तसा हेतू नव्हता.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी चार दिवसांसाठी मुंबईहून घरी आलो होतो. ते चार दिवस पुढे सात महिने चालले. आमची वाडी देवबागच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे आबा. आबा म्हणजे माझे वडील. अख्खी वाडी त्यांना आबा म्हणते म्हणून मीही म्हणतो. मुंबईत मी आठवडाभर साबणाच्या वेष्टनांची डिझाइनं करायचो आणि शनिवार-रविवारी एका हार्डकोर पंक बँडमध्ये गायचो. गायचो म्हणजे ओरडायचो. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: व्यवस्थेवरचा सगळा राग चाळीस सेकंदांत काढायचा, त्याला गाणं म्हणायचं आणि श्वास न घेता पुढचं सुरू करायचं. गायक एक ओळ ओरडतो, बाकीचे मागून दणदणीत साथ देतात. (आमच्या बँडमधले मागचे दोघे लाजाळू होते. त्यामुळे साथ कधी मिळाली नाही.)

घरी आल्यावर एकदा मी पडवीत सराव केला. आई हातात पळी घेऊन धावत बाहेर आली.

“काय झाला रे? इंचू चावलो?”

“गाणा म्हणतंय गो आये.”

“गाणा? माका वाटला पोटात मुरडा इलो! थांब, वायच ओवो देतंय.”

ओवा खाल्ला आणि सराव बंद केला. पण आतली खदखद कुठेतरी बाहेर काढायला हवी होती, म्हणून मी फॅनझिन काढायचं ठरवलं. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी घरच्या घरी काढलेलं मासिक. कात्रीने कापायचं, चिकटवायचं, हाताने लिहायचं आणि झेरॉक्स मारून वाटायचं. त्याला संपादक नसतो, जाहिराती नसतात, वाचकही बेताचेच. माझ्या फॅनझिनचं नाव ‘बोंब’. डिंक मिळेना म्हणून भाताची खळ केली. मोठी अक्षरं हवीत म्हणून घरातल्या जुन्या लग्नपत्रिका कापल्या. आईने त्याबद्दल दोन दिवस अबोला धरला (तिच्या माहेरच्या चार पत्रिका गेल्या होत्या). चोवीस पानी अंक तयार झाला. पान एकवर तोंडाला मास्क लावलेली कवटी, पान दोनपासून क्रांती!

आता झेरॉक्स. बाजारातल्या विलासचं झेरॉक्सचं दुकान बंद होतं, पण त्याने मशीन हातगाडीवरून घरी आणून पडवीत ठेवलं होतं. लोकांना ई-पाससाठी कागदपत्रांच्या प्रती लागायच्या, त्यामुळे त्याच्या पडवीत तहसील कचेरीपेक्षा जास्त गर्दी. मी चोवीस पानं पुढे केली.

विलास म्हणाला, “शाई आसा, करंट आसा, कागद खंय आसा? कोल्हापूरसून गाडी येवची होती, ती फोंडाघाटात अडवल्यानी. होतो नव्हतो तो कागद तुझो बापूस घेवन गेलो.”

“आबा? आबांना कशाला कागद?”

“गाऱ्हाण्याक. तुझ्याच घरातली गजाल, आणि तुकाच ठावक नाय?”

इथे थोडं थांबून आबांच्या मानाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मे अखेरीस होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधी देवळात वाडीचा नारळ ठेवतात आणि सगळ्यांच्या वतीने एक जण देवाला गाऱ्हाणं घालतो. तो एकेक मागणी करतो, थांबतो, आणि सगळे मिळून म्हणतात, “व्हय म्हाराजा!” हे गाऱ्हाणं घालायचा मान सव्वीस वर्षं आबांकडे होता, त्याआधी आजोबांकडे. आबा प्राथमिक शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, पेन्शन बेताची, गुडघे कुरकुरणारे. पण त्या एका दिवशी डोक्याला फेटा बांधून ते देवळात उभे राहिले की वीतभर उंच दिसायचे. त्यांच्या आयुष्यात ही एकच गोष्ट होती जी दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

आणि ती दुसऱ्या कुणाला हवी होती! आबांचे चुलतभाऊ तात्या, निवृत्त तलाठी. आपलं घर थोरलं, तेव्हा मान आपला, असं तात्या सव्वीस वर्षं म्हणत होते. पण रीत अशी की गाऱ्हाण्यात खोट निघाल्याशिवाय मान हलत नाही. म्हणून दर वर्षी तात्या पहिल्या रांगेत उभे राहून खोट शोधत. त्यांना ती एकदाही सापडली नव्हती.

त्या वर्षी देऊळ बंद. तेव्हा आबांनी युक्ती काढली. गाऱ्हाणं कागदावर लिहायचं, घरटी एक प्रत वाटायची आणि दिवेलागणीला सात वाजता सगळ्यांनी आपापल्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून एकाच वेळी म्हणायचं. पहिल्या खेपेच्या पन्नास प्रती निघाल्या आणि तात्यांनी हरकत घेतली: पूर्वजांच्या यादीत त्यांच्या पणजोबांचं नाव राहिलं होतं.  आबांनी पुन्हा सगळं लिहून काढलं, पुन्हा पन्नास प्रती मारल्या. म्हणजे घरात आता दोन गठ्ठे होते, एक रद्दी आणि एक खरा. दोन्ही पाठकोरे!

मी अंक चोवीस पानांवरून एका पानावर आणला. (एवढी काटछाट कुठल्याही सरकारी अभ्यासक्रमाची झाली नसेल.) कवटी ठेवली, आणि खाली लग्नपत्रिकांच्या टपोऱ्या अक्षरांत माझं सगळ्यात जहाल गाणं. मग कानात हेडफोन घालून कागद शोधायला लागलो. आई दाराशी येऊन काहीतरी म्हणाली. एकदा कपाटाकडे हात केला, एकदा पेटीकडे. मी “व्हय व्हय” म्हटलं आणि रद्दी समजून पेटीवरचा गठ्ठा उचलला.

विलासने पन्नास प्रती मारून दिल्या. एका बाजूला आबांचं मुंगीच्या पावलांसारखं बारीक अक्षर, दुसऱ्या बाजूला माझी ‘बोंब’. घरी आलो तर आईने खळ्यातच अडवलं. बाहेरून आलेल्या माणसाने आधी विहिरीवर आंघोळ करायची आणि बाहेरून आलेली वस्तू दोन तास उन्हात ठेवायची, हा तिचा नियम होता. भाजी, दूधपिशव्या, एकदा तर आबांचं पेन्शनचं पासबुकसुद्धा तिने वाळत घातलं होतं. मी कागद उन्हात मांडले, वर दगड ठेवला, आंघोळ केली, पेज जेवलो आणि झोपलो. उठलो तेव्हा खळ्यात फक्त दगड होता. आईने उचलून आत ठेवले असतील असं मला वाटलं.

उचलले होते आबांनी! मी नेला होता तो खरा गठ्ठा निघाला, आणि गाऱ्हाण्याची बाजू वर होती. बायकोने न सांगता सगळं निर्जंतुक करून ठेवलं म्हणून त्यांनी म्हणे तिचं तोंडभरून कौतुकही केलं, आणि गठ्ठा दूध घालणाऱ्या बाबुलीबरोबर घरोघर पाठवून दिला. आईला वाटलं, कौतुक दुपारच्या माशाच्या तिखल्याचं आहे. तिने ते घेतलं.

सात वाजले. आबा फेटा बांधून खळ्यात उभे राहिले. मागे मी आणि आई.

“बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां आपापल्या दारात उबी रवान गाऱ्हाणां घालतत, ता मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही दोघं म्हणालो.

आणि मग शेजारच्या काशीकाकूच्या खळ्यातून तिच्या कॉलेजात जाणाऱ्या नातीचा खणखणीत आवाज आला.

“सगळी दारं बंद! सगळी तोंडं बंद!”

“व्हय म्हाराजा!” काशीकाकूच्या घरची नऊ माणसं.

“आम्हाला कोणी मालक नाही! ज्याने कुलूप घातलं, त्याचं कुलूप तोडा!”

“व्हय म्हाराजा!” आता पलीकडच्या घरातूनही.

“पेटवा! पेटवा! पेटवा!”

“व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!”

खोटं कशाला सांगू, पहिले पाच सेकंद माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा! आठ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या गाण्याला साथ मिळाली होती, आणि तीही खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी! सहाव्या सेकंदाला डोक्यात प्रकाश पडला. आबा डोळे मिटून आपलं गाऱ्हाणं घालत होते. त्यांनी ते पुरं केलं, नारळ ठेवला आणि मग मागे वळले.

“काशीच्या घरात काय पेटला?”

मी सगळं सांगून टाकलं. आबांनी चष्मा लावला, कागद उलटा केला आणि अक्षरन् अक्षर वाचलं. चूक सापडेल म्हणून त्यांनी हातात लाल पेनही घेतलं होतं, ते सवयीने.

“ह्या तू लिवलंस?”

“व्हय.”

“आणि ह्या लोकांनी माझ्या नावार देवाक म्हटल्यानी?”

 आबा चौकटीला धरून खाली बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फेटा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि आईला हळूच म्हणाले, “ह्यो आता तात्याकडे देवचो लागतलो.” आबा घाबरले होते. शाळेत साहेब तपासणीला आले तरी न घाबरणारा माणूस एका फेट्यासाठी घाबरला होता, आणि ते माझ्यामुळे. मला फार वाईट वाटलं.

सकाळी आठ वाजता तात्या हजर. त्यांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता आणि पिशवी चिमट्यात धरली होती.

“आबा, पंचनामो करूचो लागतलो,” ते फाटकाबाहेरूनच म्हणाले.

दहा वाजता देवळाबाहेर बैठक भरली. रेशन दुकानासमोर आखतात तशी चुन्याची वर्तुळं आखली होती. एका वर्तुळात निवाडा करायला देवळाचे गुरवकाका, एकात तात्या, एकात आबा, बाकीच्यांत साक्षीला बोलावलेली वाडीतली माणसं. मला आरोपी म्हणून सगळ्यात लांबचं वर्तुळ मिळालं, नेमकं आंब्याच्या लाल मुंग्यांच्या वाटेवर.

तात्यांनी घसा साफ केला. “गुरवानु, काल देवाक काय म्हटला गेला, ता आयका. मी पुराव्यासकट वाचून दाखयतंय.” आणि सातबारा वाचावा अशा सुरात त्यांनी माझं गाणं वाचायला घेतलं.

“सगळी दारं बंद. सगळी तोंडं बंद.”

ते थांबले.

“व्हय म्हाराजा!” सगळी वर्तुळं म्हणाली.

“अरे, व्हय म्हाराजा काय! मी पुरावो वाचतंय!” तात्या भडकले. “पुढे आयका. ज्याने कुलूप घातलं, त्याचं कुलूप तोडा.”

“व्हय म्हाराजा!” या वेळी गुरवकाकासुद्धा! त्यांनी लगेच मास्क वर ओढला.

तात्यांनी वाचन सोडून साक्षी सुरू केल्या. “काशी, तू सांग. काल तुझ्या खळ्यात काय म्हटला गेला?”

काशीकाकूने पदर सावरला. “गाऱ्हाणां.”

“खंयच्या बाजूचा?”

“ज्या बाजूक मोठी अक्षरा त्या बाजूचा. आबाचा अक्षर चष्म्याशिवाय कोणाक दिसता? आणि वर नारळ पण बरो काढललो.”

“ती कवटी आसा!”

“कवटीच म्हणतंय मी. नारळाची.”

“बरा. पण त्यात ‘पेटवा’ म्हटलेला होता. ता आयकान तुका काय वाटला?”

“माका काय वाटतला? चेडू वाची होता. ता थांबला काय आमी ‘व्हय म्हाराजा’. मधी काय म्हणाला ता कोण आयकता?”

तात्या पुढच्या वर्तुळाकडे वळले. “बाबुली, तू?”

“तात्यानु, दर वर्सा आबा म्हणतत तसाच होता.”

“दर वर्सा आबा ‘पेटवा’ म्हणतत?”

बाबुलीने थोडा विचार केला. “म्हणत आसतीत. आमी खंय आयकतो!”

तात्यांनी सात जणांना विचारलं. सातही जण म्हणाले, गाऱ्हाणं उत्तम झालं, शब्द मात्र आठवत नाहीत. एकाने तर यंदाचं जरा लांबलं अशी तक्रार केली. माझं गाणं चाळीस सेकंदांचं आहे! शेवटी गुरवकाकांनी हात वर केला.

“तात्या, तुमच्या घराक खंयची बाजू वाचल्यात?”

“मी तलाठी होतंय. मी बरोबर बाजू वाचलंय.”

“म्हणजे तुमच्याकडे गाऱ्हाणां बरोबर झाला. आबाकडे बरोबर झाला. आणि बाकीच्यांनी चुकीचा आयकलाच नाय. मग खोट काडतलो कोण? मान आसा थयच रवात.”

मान राहिला! मी वर्तुळात उडी मारली (अर्धी आनंदाने, अर्धी मुंग्यांमुळे). आबांकडे पाहिलं, तर ते नुसते उभे. घरी आलो. आईने चहा दिला तो गार झाला.

“आबा, मान रवलो मा?” मी विचारलं.

“रवलो,” ते म्हणाले. “सव्वीस वर्सां. दर वर्सा म्हयनोभर आधी लिवन काडतंय. पाठ करतंय. शब्द बदलतंय. गेल्या वर्सा खाडीतल्या गाळाबद्दल पाच वळी बसवल्लय. एकान आयकाक नाय रे. एकान!”

 माझंही फॅनझिन वाडीत घरोघर पोचलं होतं आणि आबा सोडले तर एकाच माणसाने ते लक्ष देऊन वाचलं होतं, तेही जप्त करण्यासाठी.  मग आबांनी तो कागद पुन्हा मागून घेतला आणि म्हणाले, “‘तोंडं बंद’ ही वळ बरी आसा. पण तीनदा ‘पेटवा’ कित्याक? एकदा पुरे.” ‘बोंब’ला मिळालेलं तेवढंच परीक्षण.

दोन वर्षांनी देऊळ उघडलं आणि पहिल्यासारखा नारळ ठेवायचं ठरलं. मी दोन दिवसांची रजा काढून घरी गेलो. आबांनी फेटा बांधला. देवळात गर्दी, पहिल्या रांगेत तात्या. आबांनी सुरुवात केली आणि मी डोळे मिटले. जेवणाला वडे-सागोती आहे की नुसतीच उसळ, या विचारात होतो. आबा थांबले की ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. गाऱ्हाणं नेहमीसारखंच झालं असावं.

घरी आल्यावर आबा भलतेच खूश. गुडघे विसरून जिना चढले. आई तर पदर तोंडाला लावून हसत होती, तिला बोलता येईना.

“काय झाला गो?” मी विचारलं.

“तुझ्या बापाशीन आज गावाची परीक्षा घेतल्यान. आधी म्हटल्यान, ‘देवा म्हाराजा, तात्याच्या माडाक यंदा एकव नारळ धरा नको!’ तात्या स्वता हात जोडून म्हणालो, ‘व्हय म्हाराजा!’”

मी हसून हसून पायरीवर बसलो. काय हे लोक! जरा लक्ष नाही, जरा विचार नाही! मी आबांना म्हटलं, या बेसावध समाजावर मी आता एक अख्खा अंक काढतो.

“काड काड,” आई म्हणाली. “पण तेच्या फुडला आयकलंस मा? ‘माझ्या झिलाची ती दाढी जावंदे, तेचो तो बँड मोडांदे, आणि शिमग्याच्या आधी तेचा लगीन होवंदे.’”

मी हसायचा थांबलो. “मग? लोक काय म्हणाले?”

“लोक म्हणाले ‘व्हय म्हाराजा’. पण एक आवाज इतको मोठो होतो, काय गुरवाच्या हातातली घंटा पडली.”

कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती. तसा आवाज कमवायला मी आठ वर्षं घालवली होती. बँड तीन आठवड्यांत मोडला. दाढी मी स्वतःच काढली. येत्या रविवारी आरोंद्याला मुलगी बघायला जायचं आहे, आणि कपाळाला आठ्या घालून बसलेल्या मला आबा एवढंच विचारतात, “आमका कोण मालक नाय म्हणणारो तूच मा रे? मग देवाक ‘नाय’ म्हणाक तुझा तोंड कोणी धरल्यान होता?”